बरोबर दिसणारी चूक

चिखली तालुक्यात मेरा बुद्रुक आणि मेरा खुर्द अशी दोन गावे आहेत. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, हे आपण भूगोलाच्या तासाला मुलांना सांगतोच. इथल्या माणसाचा ह्या दोन गावांत कधी घोटाळा होत नाही. गाव वेगळे, शिवार वेगळे, सातबारा वेगळा. कुणी नुसते ‘मेऱ्याचा आहे’ म्हणून सांगितले, तर समोरचा लगेच विचारतो, ‘बुद्रुकचे की खुर्दचे?’

संगणकाने मात्र आम्हांला हा प्रश्न विचारला नाही. काही वर्षांपूर्वी, जून महिन्यात, दहावी झालेल्या एका मुलीचा ऑनलाइन अर्ज भरायला आम्ही तिच्याबरोबर बसलो होतो. जिल्हा निवडला, तालुका निवडला, गावाच्या रकान्यातल्या छोट्या बाणावर क्लिक केले. यादी उघडली, नाव निवडले आणि आम्ही पुढे गेलो. अर्ज स्वीकारला गेला, पावतीही छापून मिळाली. आठ दिवसांनी तिच्या वडिलांनी ती पावती सावकाश वाचली, तेव्हा कळले की पत्त्यात बुद्रुकऐवजी खुर्द पडले आहे. यादीत दोन्ही नावे एकाखाली एक होती आणि आमचे बोट एक ओळ चुकले होते. दुरुस्तीसाठी त्या गृहस्थांना दोन दिवसांची मजुरी बुडवून दोन खेपा घालाव्या लागल्या.

चूक आमची होती, ह्यात वाद नाही. पण नंतर आम्हांला एक गोष्ट टोचत राहिली. हाताने लिहिताना आमच्याकडून ‘बुद्रुक’च्या जागी ‘खुर्द’ लिहिले गेले नसते. फार तर ‘बुद्रूक’, ‘बुदरुक’ किंवा नुसते ‘बु.’ लिहिले असते आणि वाचणाऱ्याला ते कळले असते. यादीतून निवडताना मात्र भलतेच गाव सहज निवडले गेले. त्यात शुद्धलेखनाचीही चूक नव्हती, म्हणून ती चूक कुणालाच दिसली नाही. ना आम्हांला, ना मुलीला, ना अर्ज तपासणाऱ्याला.

ह्या उलगडणाऱ्या यादीला इंग्रजीत ड्रॉपडाऊन म्हणतात आणि आपणही आता तोच शब्द वापरतो. शाळेची माहिती भरताना, शिष्यवृत्तीच्या अर्जात, सातबारा पाहताना, पीकविम्याच्या अर्जात ती आपल्याला रोज भेटते. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्यामुळे चिखलीसारख्या गावातल्या प्रत्येक दहावी पास मुलाला अशा अर्जांशी गाठ घालावीच लागते. तेव्हा ही यादी कुठे योग्य आणि कुठे अयोग्य, ह्याचा विचार फक्त संगणकतज्ज्ञांवर सोडून चालणार नाही. प्रश्न कसा विचारावा हा मुळात शिक्षकांचा विषय आहे.

यादी आली कशासाठी?

वेबपाने ज्या भाषेत लिहितात, त्या एचटीएमएलची दुसरी आवृत्ती नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्जात कोणकोणते भाग असू शकतात, हे तिच्यात सांगितले आहे : टंकलेखनाची चौकट, खूण करण्याची चौकट, गोल बटणे आणि ‘सिलेक्ट’ नावाचा एक भाग. हा ‘सिलेक्ट’ म्हणजेच आपला ड्रॉपडाऊन. तेव्हापासून तो जवळजवळ आहे तसाच चालत आला आहे.

त्याचा उपयोग खरा आहे. आमच्याच जिल्ह्याचे नाव घ्या. मराठीत कुणी ‘बुलढाणा’ लिहितो, कुणी ‘बुलडाणा’. रोमन लिपीत कुणी मध्ये ‘एच’ घालतो, कुणी घालत नाही. ‘चिखली’ हे नावही रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. आपल्याला ही सगळी नावे एकच. संगणकाला मात्र प्रत्येक लेखन म्हणजे वेगळे गाव. हजारो अर्जांमधून चिखली तालुक्यातले किती, हे मोजायला गेले तर आकडा पाच-सहा तुकड्यांत विखुरतो. यादी दिली की हा त्रास एकदम संपतो. सर्वांचे उत्तर एकाच साच्यात येते आणि मोजणी सोपी होते.

पण नीट पाहिले तर हा फायदा मोजणाऱ्याचा आहे. भरणाऱ्याला त्याची किंमत शोधण्याच्या कष्टांत मोजावी लागते आणि कधीकधी चुकीच्या उत्तरातही. ह्या कष्टांचा हिशेब अर्ज तयार करणारे फारसा करत नाहीत, ही आमची मुख्य तक्रार आहे. टंकलेखनातली चूक बहुधा चूक म्हणून दिसते. यादीतली चूक बरोबर उत्तरासारखी दिसते, कारण यादीतले प्रत्येक उत्तर कुणाचे तरी बरोबर उत्तर असतेच.

झाकलेला बहुपर्यायी प्रश्न

शिक्षकांना हे वेगळ्या शब्दांत सांगता येईल. ड्रॉपडाऊन हा बहुपर्यायी प्रश्न आहे, पण त्याचे पर्याय झाकलेले आहेत. प्रश्नपत्रिकेत आपण अ, ब, क, ड असे चार पर्याय छापतो. मुलाला ते चारही एकदम दिसतात, तो तुलना करतो, मग खूण करतो. हेच चार पर्याय घडीच्या आत दुमडून ठेवले आणि मुलाने प्रत्येक वेळी घडी उघडून पाहावी असे ठरवले, तर आपण त्या प्रश्नपत्रिकेला हसू. वेबवरच्या अर्जात मात्र ‘होय’ आणि ‘नाही’ ह्या दोन शब्दांसाठीही अशी घडी घातलेली आढळते.

दोन, चार, पाच पर्याय असतील तर ते उघडेच ठेवावेत. त्यासाठी गोल बटणे आहेत. त्यांना रेडिओ बटण म्हणतात आणि ह्या नावामागे गंमत आहे. जुन्या मोटारींतल्या रेडिओला केंद्र निवडायची बटणे असत. एक दाबले की आधी दाबलेले आपोआप वर येई, म्हणजे एका वेळी एकच केंद्र. पडद्यावरची गोल बटणे तशीच वागतात. सगळे पर्याय समोर दिसतात आणि निवडलेला कोणता, हेही दिसते.

पर्याय उघडे असण्याचे आणखी एक कारण आहे आणि खेड्यात ते अधिक महत्त्वाचे ठरते. आपल्याकडे पुष्कळ अर्ज ज्याचा त्याने भरलेले नसतात. सेवा केंद्रावरचा चालक पडद्यासमोर बसतो आणि अर्जदार टेबलाच्या पलीकडे उभा असतो. चालक विचारतो, हा सांगतो, तो निवडतो. कागदी अर्जावर ‘लागू नसेल ते खोडा’ असे छापलेले असे, तेव्हा सगळे पर्याय अर्जदाराच्या हाताखाली असत. बंद यादीत काय काय होते, हे आता त्याला कळतही नाही. कदाचित त्याच्या परिस्थितीला अधिक नेमका लागू पडणारा पर्याय चार ओळी खाली असेल. तो वाचलाच गेला नाही, तर मागणार कोण?

शिवाय ड्रॉपडाऊन एकच उत्तर घेतो. आमच्या भागात सोयाबीनमध्ये तुरीचे तास घालण्याची पद्धत आहे. ‘पीक कोणते?’ ह्या प्रश्नाला अशा शेतकऱ्याचे खरे उत्तर दोन शब्दांचे असते. एकच नाव निवडू देणारी यादी त्याला अर्धे उत्तर द्यायला लावते. जिथे उत्तरे अनेक असू शकतात, तिथे खूण करायच्या चौकटी हव्यात. खरे उत्तर यादीत बसत नसेल, तर दोष यादीचा समजावा.

एक जूनचा धडा

महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो. ह्याचे कारण आपल्या वाचकांना सांगायला नको. मुलाला शाळेत घालायला आणले की गुरुजी जन्मतारीख विचारत. ‘मोठ्या पुराच्या साली’ किंवा ‘पोळ्याच्या आधी’ असे उत्तर मिळे. रकाना रिकामा ठेवता येत नसे. मग शाळा सुरू होण्याचा महिना आणि त्याची पहिली तारीख लिहून गुरुजी पुढच्या मुलाकडे वळत. नियमाप्रमाणे एक जूनला जन्मलेला कर्मचारी एकतीस मे रोजी निवृत्त होतो, म्हणून आपल्याकडे दरवर्षी त्या दिवशी कचेऱ्या-कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची रांग लागत आली आहे.

त्या गुरुजींना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे रकाना होता आणि उत्तर नव्हते. पण नोंदवहीकडे पाहून कोणती एक जून खरी आणि कोणती गुरुजींची, हे आज कुणालाही सांगता येणार नाही. दोन्ही सारख्याच स्वच्छ अक्षरांत लिहिलेल्या आहेत.

यादीतला पहिला पर्याय हाच आजचा एक जून आहे. रकाना उघडण्याआधीच त्यात ‘अकोला’ दिसत असेल, तर घाईत पुढे गेलेला प्रत्येक जण अकोल्याचा होतो. ‘१ जानेवारी’ दिसत असेल, तर त्या दिवशी जन्मलेल्यांची संख्या वाढते. म्हणून यादीच्या तोंडाशी खरे उत्तर कधीही असू नये. तिथे ‘निवडा’ असे लिहिलेले असावे आणि ते तसेच राहिले तर अर्ज पुढे जाऊ नये.

पण एवढ्याने भागत नाही. विद्यार्थ्याच्या माहितीत रक्तगट विचारतात, त्याचे उदाहरण पाहा. ए, बी, एबी आणि ओ हे चार गट, प्रत्येकी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, म्हणजे आठ पर्याय. यादी पूर्ण आहे, ठरलेली आहे, लांबही नाही. पण ज्या मुलाचा रक्तगट तपासलेलाच नाही, त्याने काय निवडावे? ‘माहीत नाही’ हा नववा पर्याय नसेल आणि रकाना सक्तीचा असेल, तर शिक्षक काहीतरी निवडून मोकळा होईल. ते ‘काहीतरी’ पुढे ओळखपत्रावर छापले जाईल. जन्मतारखेच्या चुकीने निवृत्ती पुढेमागे होते. रक्तगटाच्या चुकीची किंमत ह्याहून मोठी असू शकते. रुग्णालयात रक्त देण्यापूर्वी पुन्हा तपासणी करतात, हे खरे. तरी खोटी माहिती ओळखपत्रावर मिरवण्यापेक्षा ‘माहीत नाही’ हे दोन शब्द कितीतरी अधिक प्रामाणिक आहेत.

शोधायला किती वेळ?

आता लांब याद्यांकडे वळू. महाराष्ट्रात छत्तीस जिल्हे आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, तो छत्तिसावा. ह्या छत्तीस नावांत ‘बुलढाणा’ शोधायला किती कष्ट पडतात?

नावे कोणत्याही क्रमाने लिहिली असतील, तर एकेक वाचत जावे लागेल. नशीब चांगले असेल तर पहिलेच नाव, वाईट असेल तर छत्तिसावे, सरासरी साडेअठरा नावे. नावे वर्णानुक्रमे असतील आणि सगळी एकदम दिसत असतील, तर शब्दकोशात शब्द शोधतो तसे करता येते. मध्ये पाहायचे, आपले नाव अलीकडे की पलीकडे ते ठरवायचे आणि निम्मी यादी सोडून द्यायची. छत्तीसचे अठरा, अठराचे नऊ, मग पाच, तीन, दोन, एक. सहा पायऱ्यांत काम संपते. यादी दुप्पट केली तरी फक्त एक पायरी वाढते.

असाच एक नियम मानसशास्त्रात आहे. १९५२ साली विल्यम हिक ह्या ब्रिटिश संशोधकाने दिवे आणि कळा घेऊन प्रयोग केले. जो दिवा लागेल त्याची कळ दाबायची. दिव्यांची संख्या दुप्पट केली की लागणारा वेळ दुप्पट होत नव्हता, तो ठरावीक भराने वाढत होता. पुढच्याच वर्षी रे हायमन ह्यांनी ह्या कामाला जोड दिली. पण ह्या नियमाचा हवाला देताना एक अट विसरू नये. प्रयोगातल्या माणसाला कोणता दिवा कुठे आहे हे आधीच पाठ होते. अनोळखी, विस्कळीत यादी वाचताना तो नियम लागू पडत नाही. तिथे एकेक नाव वाचण्याला पर्याय नसतो.

दुसरा एक हवालाही असाच चुकीचा दिला जातो. जॉर्ज मिलर ह्यांनी १९५६ साली माणसाच्या तात्पुरत्या स्मरणाची मर्यादा साधारण सात गोष्टींची असते, असे मांडले. त्यावरून ‘यादीत सातच पर्याय असावेत’ असा नियम पुष्कळांनी काढला. पण समोर लिहिलेली यादी लक्षात ठेवावीच लागत नाही. आगगाडीचे वेळापत्रक शंभर ओळींचे असते आणि आपण ते वाचतो. यादी लांब असण्याने तितके बिघडत नाही. तिचा एक तुकडाच दिसणे आणि क्रम अनपेक्षित असणे ह्यांनी जास्त बिघडते. मोबाइलवर एका वेळी आठ-दहा नावे दिसतात, बाकीची सरकवत आणावी लागतात. मध्ये पाहून निम्मी यादी सोडण्याची युक्ती तिथे चालत नाही. काही संगणकांवर तर रकाना निवडलेला असताना माऊसचे चाक फिरवले की पान हलण्याऐवजी निवडलेले उत्तरच बदलते आणि भरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

क्रमाचा प्रश्न मराठीत अधिक अवघड आहे. रोमन लिपीच्या क्रमाने बीड, भंडारा, बुलढाणा अशी नावे येतात. आपल्या वर्णमालेप्रमाणे बीड, बुलढाणा आणि मग भंडारा. नावे देवनागरीत छापलेली, पण क्रम रोमन लिपीचा, अशी यादी समोर आली की मराठी वाचणारा ‘भंडारा’ पाहतो, ‘ब संपला’ असे समजतो आणि परत वर जातो.

संगणकाच्या स्वतःच्या देवनागरी क्रमातही एक अडचण आहे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ ह्या भारतीय संकेतावरून घेतलेली आहे. सर्व भारतीय लिप्यांना एकच साचा बसावा म्हणून त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे ठेवला आहे. आपण मुलांना ‘ळ’ शिकवतो तो ‘ह’ नंतर. त्यामुळे नुसत्या संकेतक्रमाने लावलेल्या यादीत ‘शेळगाव’ हे ‘शेवगाव’च्या आधी येते आणि आपल्या वर्णमालेप्रमाणे शोधणाऱ्याला ते सापडत नाही. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि त्याला जागा मिळाली ती सर्व व्यंजनांच्या मागे. मराठीचा क्रम संगणकाला वेगळा शिकवावा लागतो. तो शिकवता येतो, पण शिकवायची आठवण व्हावी लागते.

नावेही बदलतात. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर. नाव बदलले की यादीतली जागा बदलते. ‘औ’ मध्ये शोधायची सवय असलेल्याने आता ‘छ’ मध्ये पाहायचे की ‘स’ मध्ये? टंकलेखनाची चौकट असती, तर जुने नाव लिहिले तरी संगणकाला नवे सुचवता आले असते. बंद यादीला ते जमत नाही.

जे पाठ आहे ते विचारा

आमच्या मते खरी सुधारणा यादीच्या रूपात नाही, प्रश्नात आहे. माणसाला जे पाठ आहे ते लिहू द्यावे. जे शोधावे लागते, ते संगणकाने शोधावे.

ह्याचे उत्तम उदाहरण पन्नास वर्षांहून जुने आहे आणि ते एका मराठी माणसाचे आहे. सारख्या नावाची गावे, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते आणि वेगवेगळी लेखने ह्यांमुळे टपालाचा घोटाळा होत असे. तो टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. सहा आकड्यांतला पहिला देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. चिखलीचा पिन ४४३२०१. महाराष्ट्रात चिखली नावाची गावे अनेक आहेत, पिंपरी-चिंचवडमध्येही एक आहे, आणि गुजरातेत नवसारी जिल्ह्यातही चिखली आहे. पण ४४३२०१ म्हटले की आमचीच. अर्जाने आधी पिन विचारला, तर राज्य आणि जिल्हा ह्यांच्या दोन याद्या वाचतात आणि त्या पिनखालच्या मोजक्या गावांची छोटी यादी उरते. तिथे ड्रॉपडाऊन शोभेल. एक सावधगिरी मात्र हवी. पिन हा टपालाचा भूगोल आहे, महसुलाचा नाही. बुलढाणा जिल्ह्यातच मलकापूर आणि मेहकर ४४३ मध्ये येतात, तर खामगाव आणि शेगाव ४४४ मध्ये. म्हणून संगणकाने शोधलेले नाव दाखवून ‘हे बरोबर आहे ना?’ असे विचारायलाच हवे.

शिक्षकांचे स्वतःचे उदाहरण म्हणजे शाळेचा यू-डायस क्रमांक. अकरा आकडे : दोन राज्याचे, दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि दोन शाळेचे. बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक २७०४ ने सुरू होतो, २७ महाराष्ट्र आणि ०४ बुलढाणा. हा क्रमांक मुख्याध्यापकांना झोपेतही सांगता येतो. तो लिहून घेतल्यावर पुन्हा राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव ह्यांच्या चार याद्या पुढे करणारा अर्ज माणसाला तीच गोष्ट पाच वेळा विचारतो आणि पाच वेळा चुकण्याची संधी देतो.

आकडा लिहितानाही चूक होते, असे कुणी म्हणेल. होते, पण तिला पकडण्याची युक्ती गणिताने दिली आहे. आधार क्रमांकाचा बारावा आकडा हा तपासणी अंक आहे. आधीच्या अकरा आकड्यांवरून तो व्हर्हूफ ह्या डच गणितज्ञाच्या पद्धतीने काढतात. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि संगणक थांबवतो. यादीतून निवडलेल्या गावाला असा तपासणी अंक नसतो. खुर्दही खरे, बुद्रुकही खरे. संगणकाने कशावरून ओळखावे?

सातबारा पाहण्याच्या महाभूलेख संकेतस्थळावर दोन्ही पद्धती एकत्र दिसतात. जिल्हा, तालुका आणि गाव ओळीने निवडायचे, म्हणजे प्रत्येक निवडीने पुढची यादी लहान होते. हे चांगले. त्यानंतर गट क्रमांक लिहायचा, शोध घ्यायचा आणि त्या आकड्याशी जुळणारे पोटहिस्सेच यादीत येतात. हे अधिक चांगले. शेतकऱ्याला आपला गट पाठ असतो, पोटहिस्सा पाहून ओळखता येतो. पण अनेक वर्षे ह्या सगळ्याच्या आधी महसुली विभाग निवडावा लागे. चिखलीच्या माणसाने ‘अमरावती’ निवडल्याशिवाय त्याला बुलढाणा दिसत नसे. सहा विभागांची ही वाटणी प्रशासनाच्या सोयीची आहे. शेतकऱ्याच्या डोक्यात ती नसते.

मग वापरावा केव्हा?

आमचा निष्कर्ष असा. पर्याय ठरलेले आणि पूर्ण असावेत. ते भरणाऱ्याच्या ओळखीचे असावेत. संख्येने इतके की सगळे उघडे मांडणे अडचणीचे व्हावे, पण इतके नसावेत की शोधत बसावे लागेल. क्रम त्याच्या अपेक्षेतला असावा. एकच उत्तर शक्य असावे. ह्या सगळ्या अटी पुऱ्या होतात तिथे ड्रॉपडाऊन वापरावा. आठ-दहापासून पंधरा-वीस पर्यायांपर्यंत तो बरा. बुलढाणा जिल्ह्यातले तेरा तालुके हे त्याचे योग्य ठिकाण. त्याहून कमी असतील तर गोल बटणे. जास्त असतील तर चौकटीत दोन-तीन अक्षरे लिहू द्यावीत आणि जुळणारी नावे खाली सुचवावीत. २०१४ सालच्या एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत अशा सूचनांची सोय आहे. जन्मतारीख तर प्रत्येकाला पाठ असते. ती दिवस, महिना, वर्ष अशा तीन चौकटींत लिहू द्यावी. शंभर वर्षांची यादी सरकवायला लावू नये. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांसाठी केलेल्या नियमांत तर ड्रॉपडाऊन शेवटचा उपाय म्हणूनच वापरावा असे म्हटले आहे, कारण प्रत्यक्ष चाचण्यांत काही लोकांना तो वापरणे फार अवघड गेले.

‘यादी काढली तर माहिती विस्कळीत होईल’ हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. म्हणूनच सर्व याद्या काढा असे आम्ही म्हणत नाही. पण नीटनेटकी माहिती आणि खरी माहिती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विस्कळीत माहिती कष्टाने नीट करता येते. नीटनेटकी चूक शोधायची कुठून?

वर्गात करून पाहा

हे सारे आठवी-नववीच्या मुलांना एका तासात अजमावता येईल. छत्तीस जिल्ह्यांच्या नावांचे तीन कागद करा. एकावर नावे कशीही, दुसऱ्यावर रोमन लिपीच्या क्रमाने पण देवनागरीत, तिसऱ्यावर आपल्या वर्णमालेप्रमाणे. एक मूल जिल्ह्याचे नाव सांगेल, दुसरे बोट ठेवेल, तिसरे घड्याळ पाहील. मग पोस्टकार्डात आठ ओळी दिसतील एवढी खिडकी कापा आणि ती कागदावरून सरकवत पुन्हा शोधा. हा झाला मोबाइल. शेवटी तेच नाव पाटीवर लिहायला किती वेळ लागतो तेही मोजा. प्रत्येक प्रकारात किती वेळा बोट शेजारच्या नावावर पडले, ह्याची नोंद करायला विसरू नका. आलेखाच्या कागदावर हे आकडे मांडले की कोणता अर्ज चांगला, हे मुले स्वतः सांगतील.

आणि अर्ज आहे तसाच भरायचा असेल, तेव्हा एक सवय लावून घ्यावी. शेवटचे बटण दाबण्यापूर्वी भरलेली सर्व उत्तरे, ज्याचा अर्ज आहे त्याला मोठ्याने वाचून दाखवावीत. त्या मुलीच्या वडिलांनी आठ दिवसांनी पावती वाचली. आम्ही ती त्याच दिवशी वाचून दाखवली असती, तर ‘खुर्द नाही गुरुजी, बुद्रुक’ असे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले असते.